रविवारी बंद असलेलं दुकान

आजची गोष्ट एका बंद दुकानाची आहे.

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक नर्सिंग शिकली, जर्मन भाषेच्या परीक्षा दिल्या आणि मागच्या थंडीत जर्मनीला कामाला गेली. पोचली शनिवारी रात्री. दमलेली होती, तशीच झोपली. रविवारी सकाळी उठून पिशवी घेतली आणि दूध, पाव, भाजी काही मिळतंय का ते बघायला खाली उतरली. रस्त्याला दुकानं ओळीने होती आणि ओळीने बंद होती. आधी तिला वाटलं, कुणी मोठा माणूस वारला असेल. मग वाटलं, कुणीतरी बंद पुकारला असेल. दुपारी तिने आईला फोन लावला. पाकिटात पैसे होते, पण त्या दिवशी तिचं पोट भरलं ते आईने बांधून दिलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांवर.

बैठकीत हे सांगताना ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "पैसे हातात असून लेकरू उपाशी राहिलं. असला कसला देश म्हणायचा?"

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. पण आता आपल्या भागातली मुलंमुली तिकडे जाऊ लागलीत. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्याबरोबर कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून जर्मन शिकायची चर्चा गावागावात आहे. लेकरू ज्या गावाला जाणार तिथला बाजारहाट कसा चालतो, हे आईला माहीत असायला हवं. म्हणून आम्ही वाचायला बसलो. त्या लेकीलाही फोनवर खोदून खोदून विचारलं. वाचता वाचता कळलं ते असं, की ते बंद दुकान म्हणजे आळस नाही आणि माणुसघाणेपणाही नाही. त्याच्यामागे सव्वाशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे, आणि ती दुकानात उभ्या राहणाऱ्या माणसांची आहे. त्यात बायका पुष्कळ होत्या.

दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीतली दुकानं आपल्यासारखीच होती. भल्या सकाळी उघडायची आणि शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत चालायची, रविवारीसुद्धा. पुढे शहरं वाढली, कापडाची, कपड्यांची मोठमोठी दुकानं निघाली, तशा तिथं तरुण मुली नोकरीला लागल्या. सकाळपासून रात्रीपर्यंत उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. बसलेली नोकर म्हणजे कामचुकार नोकर, असा मालकांचा हिशेब. पाय सुजायचे, पाठ धरायची, पाळीच्या दिवसांत तर हाल विचारू नका. कामगार संघटनांनी, डॉक्टरांनी, चर्चच्या लोकांनी यावर आवाज उठवला.

१८९१ साली पहिला मोठा कायदा झाला. दुकानातल्या नोकरांकडून रविवारी पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, असं ठरलं. १९०० साली रात्री नऊ ते पहाटे पाच दुकानं बंद ठेवायचा नियम आला. त्याच वर्षी आणखी एक हुकूम निघाला, आणि तो वाचून आम्ही थांबलोच. दुकानात काम करणाऱ्यांना बसायला जागा ठेवलीच पाहिजे, असा तो हुकूम होता. साध्या एका खुर्चीसाठी सरकारला हुकूम काढावा लागला! १९१९ साली रविवारी दुकानं पूर्ण बंद झाली. रविवार आणि सणाचे दिवस विश्रांतीसाठी राखलेले आहेत, हे त्याच वर्षी त्यांच्या राज्यघटनेत लिहिलं गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ साली नवी घटना झाली, तिच्यातही ते कलम तसंच ठेवलं. आजही ते आहे.

आता कुणी म्हणेल, हे त्यांचं झालं, आपल्याला काय त्याचं? पण त्याच काळात मुंबईत काय चाललं होतं बघा. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागत होते. १८९० साली मुंबईत कामगारांची मोठी सभा झाली, तिच्यात दोन कामगार बायकांनीही भाषण केल्याची नोंद आहे. १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आपल्या पोरांना शाळेला रविवारी सुट्टी असते ती आपल्याला आभाळातून पडल्यासारखी वाटते. पण कामकऱ्याच्या वाट्याला ती भांडून आली आहे.

आणि ती खुर्ची? आपल्या देशात दुकानातल्या बायकांना बसायचा हक्क मिळाला तो अगदी अलीकडे. केरळमध्ये कापडाच्या दुकानांतल्या बायकांनी त्यासाठी लढा दिला. २०१८ साली तिथं कायदा बदलला, २०२१ साली तामिळनाडूने तसाच नियम केला. म्हणजे जर्मनीतल्या हुकुमानंतर शंभराहून जास्त वर्षांनी.

पण दुसऱ्याचं सगळंच सोनं म्हणायची आमची रीत नाही. त्या कायद्यालाही दुसरी बाजू आहे. १९५६ साली पश्चिम जर्मनीत नवा कायदा झाला. आठवड्यात संध्याकाळी साडेसहाला आणि शनिवारी दुपारी दोनला दुकानं बंद. कायदा करणाऱ्यांनी धरून चाललं होतं की घरात एक बाई आहे आणि ती दिवसा कधीही बाजार करू शकते. पण जी बाई स्वतः कारखान्यात नाहीतर कचेरीत सहापर्यंत काम करत होती, तिने काय करायचं? ती अर्ध्या तासात धावत जाऊन मिळेल ते घ्यायची. दुकानातल्या बाईला विसावा मिळाला, पण पिशवीवाल्या बाईची धावपळ झाली. यावर तिकडे अनेक वर्षं वाद झाले. १९८९ साली गुरुवारी उशिरापर्यंत दुकान उघडं ठेवायची मुभा मिळाली, १९९६ साली सोमवार ते शुक्रवारची वेळ रात्री आठपर्यंत गेली, आणि २००६ पासून वेळा ठरवायचं काम प्रत्येक राज्याकडे आलं. रविवार मात्र कुणी सोडला नाही. स्टेशनवरची, पेट्रोल पंपावरची दुकानं उघडी असतात, पाववाला सकाळी काही तास उघडतो. बाकी सामसूम.

दुसरी गोष्ट भावाची. त्या लेकीने पहिल्या आठवड्यात टोमॅटो घेताना सवयीने विचारलं, "काही कमी नाही का होणार?" दुकानातली बाई नुसती बघत राहिली. आपल्याकडे आठवडे बाजारात घासाघीस केली नाही तर भाजीवालीच विचारते, आज काय झालं? आपल्याकडे भाव करणं म्हणजे बोलणं आहे. "घे गं, तुझ्यासाठी पाच कमी," असं म्हणून चार मिरच्या वर टाकते, त्यात ओळखही येते आणि मायाही.

तिकडे ते का नाही? मोठ्या दुकानांनी शे-दीडशे वर्षांपूर्वीच ठरलेल्या भावाची पाटी लावायला सुरुवात केली होती. पुढे १९३३ साली, हिटलरच्या राजवटीत, एक कायदा झाला. रोखीने घेणाऱ्या गिऱ्हाइकाला शंभरामागे तीनपेक्षा जास्त सूट द्यायची नाही. हिटलर गेला, युद्ध संपलं, कायदा मात्र राहिला, तो थेट २००१ सालापर्यंत. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षं तिथं घासाघीस करायला कायद्यानेच जागा ठेवली नव्हती. दुकानदार ती तीन टक्क्यांची सूट चिकट तिकिटांच्या रूपात द्यायचे. बायका ती एका वहीत चिकटवून ठेवायच्या, वही भरली की पैसे मिळायचे. आपल्या बचतीच्या पासबुकासारखीच ती वही. आज जुन्या वस्तूंच्या बाजारात भाव करतात, पण किराण्याच्या दुकानात नाही.

आणखी एक सांगतो. तिकडेही एके काळी आपल्या वाण्यासारखी दुकानं होती. त्यांना ते लाडाने 'टांटे एमा'चं दुकान म्हणतात. टांटे म्हणजे मावशी, आत्या, काकू, सगळं एकच. आणि एमा हे जुन्या काळातलं बाईचं साधं नाव. म्हणजे एमा मावशीचं दुकान. साखर, पीठ सुटं मिळायचं, दूध आपल्या किटलीत घ्यायचं, आणि महिनाअखेरीला हात आखडला की मावशी वहीत लिहून ठेवायची. उधारीची वही फक्त आपल्याकडेच असते असं समजू नका.

मग ती मावशी गेली कुठं? तिची गोष्ट एसेन या खाणकामगारांच्या गावात बघायला मिळते. तिथं ॲना अल्ब्रेख्त नावाच्या बाईने १९१३ साली छोटं किराणा दुकान सुरू केलं. नवरा आधी खाणीत काम करायचा. घराला हातभार म्हणून तिने दुकान काढलं, आपल्या कितीतरी बायका काढतात तसंच. तेव्हा पहिलं महायुद्ध यायचं होतं. ते आलं, जर्मनी हरला, आणि त्यानंतर महागाई इतकी भडकली की १९२३ च्या नोव्हेंबरात एका पावाला अब्जावधी मार्क पडायचे. नवऱ्याच्या हातात पगार पडला की बायका कारखान्याच्या दारातूनच तो घेऊन दुकानाकडे धावायच्या, कारण संध्याकाळपर्यंत भाव वाढलेला असायचा. त्यानंतर दुसरं युद्ध. शहरं जमीनदोस्त झाली, रेशनकार्डावर मोजून पाव मिळायचा. जून १९४८ मध्ये नवं चलन आलं, माणशी सुरुवातीला ४० मार्क हातात पडले, आणि एका रात्रीत रिकाम्या दुकानांच्या काचांमागे माल दिसायला लागला.

अशा दिवसांतून गेलेल्या बाईला काय हवं असेल? गोड बोलणं, सजावट नको, पण माप पुरं आणि भाव कमी हवा. ॲनाच्या दोन मुलांनी, कार्ल आणि थिओ यांनी, हेच ओळखलं. युद्धानंतर आईचं दुकान त्यांनी हाती घेतलं. माल मोजका ठेवायचा, खोक्यातच ठेवायचा, सजावटीवर खर्च करायचा नाही. ती तीन टक्के सूट तिकिटांत न देता आधीच किमतीतून वजा करायची. १९६२ साली त्या दुकानाला आल्डी नाव पडलं. आज ते जगातल्या मोठ्या दुकानांत मोजलं जातं. गिऱ्हाइकाने स्वतः माल उचलायची पद्धत जर्मनीत १९३८ साली ओस्नाब्र्युक गावातल्या एका दुकानाने करून बघितली होती, पण ती पसरली युद्धानंतर. एकेक करत एमा मावशीची दुकानं बंद पडली. भाव कमी झाला, पण वही गेली आणि "पोराचा ताप उतरला का?" असं विचारणारी मावशीही गेली. कर्जाबद्दल मात्र जुनी भीती अजून आहे. जर्मन भाषेत कर्ज आणि अपराध हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत, यावरून समजून घ्या.

स्वस्ताईची किंमत तिकडे गिऱ्हाईक आपल्या हाताने भरतं. ट्रॉली घ्यायला नाणं अडकवायचं, ट्रॉली जागेवर नेऊन लावली की नाणं परत. पिशवी आपली, भरायचीही आपणच, आणि तीही भराभर, कारण मागे रांग असते. पट्ट्यावर आपला माल संपला की मागच्याच्या मालाआधी एक दांडी ठेवायची. आपल्या लेकीची पहिल्या दिवशी इतकी धांदल उडाली की अंडी खाली आणि बटाटे वर गेले. पाण्याची, सरबताची बाटली घेतली की वर २५ सेंट जास्त द्यावे लागतात, आपल्या हिशेबाने वीस-पंचवीस रुपये. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पावती मिळते, ते पैसे परत. डब्यांना आणि एकदाच वापरायच्या बाटल्यांना हा नियम २००३ पासून लागू आहे. पण ही रीत नवी नाही, काचेच्या बाटल्या परत करायची सवय तिथं जुनीच आहे. आपल्याकडेही सोड्याच्या बाटलीला डिपॉझिट होतंच की.

या सवयी किती मुरलेल्या असतात याचा एक पुरावा आहे. अमेरिकेतलं जगातलं सगळ्यात मोठं दुकान, वॉलमार्ट, १९९७ साली जर्मनीत शिरलं. त्यांनी आपली अमेरिकी रीत तिथं आणली. दारात उभा राहून हसून स्वागत करणारा माणूस, पिशवी भरून देणारा माणूस. जर्मन गिऱ्हाइकांना हे अनोळखी हसणं खरं वाटेना, आणि आपल्या वस्तूंना परक्याने हात लावलेला आवडेना. स्वस्ताईतही तिथली जुनी दुकानं पुढेच होती. कारणं बरीच होती, पण २००६ साली वॉलमार्ट आपली सुमारे ८५ दुकानं विकून निघून गेलं. पैसा होता, माल होता, गिऱ्हाइकाची रीत तेवढी कळली नाही.

म्हणून परक्या देशात गेलेल्या माणसाने रीत शिकून घ्यावी, पण आपली सोडून द्यायची गरज नाही. १९६१ साली जर्मनीने तुर्कस्तानाशी कामगार आणायचा करार केला. आलेल्या लोकांना तिथल्या दुकानात वांगी, मिरच्या, पुदिना सहज मिळेना. पुढे कुटुंबं आली आणि त्यांच्यातल्याच लोकांनी भाजीची, किराण्याची दुकानं काढली. केरळच्या नर्सताई १९६० च्या दशकापासून तिथं गेल्या, त्यांनीही आधी फिक्या जेवणावर दिवस काढले. आज आपली लेक कोथिंबीर आणि भेंडी आणते ती एका तुर्की दुकानातून. तिथला म्हातारा दुकानदार तिला वर एक लिंबू टाकतो. ती म्हणाली, "मावशी, त्या लिंबाने मला गावची आठवण आली."

आता ती शनिवारी सकाळी यादी करून बाजार उरकते. रविवारी मैत्रिणींबरोबर स्वयंपाक करते, नदीकाठी फिरते. दुकानातली बाईही तिला एकदा तिथं भेटली, लेकराला घेऊन आलेली. तेव्हा तिला कळलं की दुकान बंद आहे म्हणजे कुणाची तरी आई घरी आहे.

मैत्रिणींनो, इथवर वाचून झाल्यावर आम्ही आमच्याच ग्रामसंघाच्या दुकानाकडे बघितलं, आणि मान खाली गेली. मसाले, पापड, शेवया आणि थोडा किराणा असं ते दुकान आहे. दोघीजणी आळीपाळीने चालवतात. सकाळी सातला उघडायचं, रात्री नऊला बंद, आठवड्याचे सातही दिवस. चार वर्षांत एकदाही साप्ताहिक सुट्टी नाही. आत पोती आणि डबे इतके की बसायला जागाच नाही. त्यातल्या एकीच्या पायाच्या शिरा फुगल्यात. तिने कधी तक्रार केली नाही, आणि आम्ही कधी विचारलं नाही. लेक एक दिवस उपाशी राहिली म्हणून आम्ही सगळ्या हळहळलो, पण आमच्या दुकानातली बाई चार वर्षं उभी होती ती कुणाला दिसली नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही विषय काढला. वाद झाला. एक आक्का म्हणाल्या, "बंद ठेवलं तर गिऱ्हाईक वाण्याकडे जाईल, आणि गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही." दुसरी म्हणाली, "अगं, रात्री पाहुणे आले तर साखर कुठून आणायची?" दोन्ही बोलणी खोटी नव्हती. शेवटी वहीत ठराव लिहिला. आपला बाजार रविवारी भरतो, म्हणून दुकान सोमवारी बंद. आणि दोन पोती हलवून तिथं एक उंच स्टूल.

पहिले चार सोमवार गल्ला कमी झाला, हे लपवत नाही. दोघा-तिघांनी टोमणेही मारले. पाचव्या आठवड्यापासून लोक रविवारीच सोमवारचं न्यायला लागले. थोडी तूट अजून आहे, ती भरून निघेल की नाही हे पुढच्या तिमाहीच्या हिशेबात कळेल. पण त्या ताईंनी पहिल्या सोमवारी काय केलं माहीत आहे? दवाखान्यात जाऊन पाय दाखवून आल्या. इतकी वर्षं त्यांना जायला दिवसच नव्हता.

आपली लेकरं परदेशात जातील, तिथली रीत शिकतील. भाव लिहिलेला असतो, पिशवी आपली आपण भरायची, बाटली परत करायची, शनिवारीच बाजार करायचा, एवढं आईने आधी सांगून ठेवलं तर पहिला रविवार उपाशी जाणार नाही. आणि आपण इथं राहणाऱ्यांनी एवढंच करावं. उद्या दुकानात गेलात की काउंटरच्या पलीकडे बघा. तिथं कोण उभं आहे, किती वेळ उभं आहे, आणि बसायला काही आहे का? तुमच्या गटाचं दुकान असेल तर हा विषय पुढच्या बैठकीत घ्या, आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा.